द्वारकेच्या जिभेवर कोण राहतं

माझ्या बायकोच्या जिभेवरून खरवडून घेतलेला थर काचेच्या बशीत वाढला आणि गाऊ लागला. दंत महाविद्यालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, उबेच्या कपाटात ती बशी ठेवलेली होती. मी कपाटाला कान लावला. आवाज द्वारकेचाच होता. "आ कर बघू," ती म्हणत होती, अगदी सुरात, "आ कर माझ्या राजा, एवढा एकच घास." आमचं लग्न होऊन केस पांढरे झाले, पण मला ती कधी राजा म्हणालेली नाही. मला ती अहो म्हणते.

बशीत जे उगवलं होतं ते निळं होतं. पावसाळी ढगासारखं निळं, कडेला थोडं मऊ. शेजारीच माझ्या जिभेची बशी होती. तिच्यात पिवळट आणि कोरडं काहीतरी आलं होतं, पोथीच्या जुन्या पानासारखं. ते गप्प होतं.

मी कीर्तन करतो. नारदाच्या गादीवर उभा राहिलो की माझ्याहून वडील माणसंही माझ्या पाया पडतात आणि गादीवरून उतरलो की मी त्यांच्या पडतो, असा आमच्याकडचा रिवाज आहे. राममंदिरात उत्सव सुरू झाला तेव्हा दंत महाविद्यालयातल्या डॉक्टर खिलारेबाई पहिल्याच दिवशी येऊन बसल्या. कीर्तन त्यांनी मन लावून ऐकलं. आरती झाल्यावर उठून म्हणाल्या, वर्षानुवर्षं एकत्र जेवणाऱ्या नवराबायकोंच्या जिभांवर सारखेच जंतू राहायला येतात का, ते मला बघायचंय, तेव्हा जोडप्यांनी सुंठवडा खायच्या आधी इकडं यावं. लोक हौशीनं रांगेत उभे राहिले. बाईंनी लाकडी पट्टीनं एकेकाची जीभ खरवडली आणि प्रत्येकाला एक दात घासायचा ब्रश दिला. आम्हीही गेलो. बुवाच मागे राहिले तर लोक काय म्हणतील?

बाकी सगळ्यांच्या बशा जुळल्या. पाटणकर मास्तर आणि त्यांच्या पत्नीच्या तर इतक्या, की पत्नीच्या बशीवर टिचकी मारली की मास्तरांची बशी आतून "काय गं" म्हणायची.

"आणि आमच्या?" मी विचारलं.

"तुमच्या नाही जुळत बुवा," खिलारेबाई म्हणाल्या. "पण ताईंची कुणाशी तरी जुळणार. हे असं एकटं वाढत नाही. कुणाच्या तरी उष्ट्यातून येतं, आणि रोजचं असलं तरच इतकं दाट येतं."

"कुणाच्या?"

"ते त्यांना विचारा. मी फक्त जिभा बघते. तुमची काढा."

मी जीभ बाहेर काढली. त्यांनी ती बॅटरीच्या उजेडात पाहिली, बोटांत धरली आणि उजव्या कडेचा एक छोटासा कोपरा फाडून घेतला. कागद फाटतो तसा आवाज आला.

"दुखलं?"

"नाही."

"दुखायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि तो तुकडा त्यांनी खिशात ठेवला. "जिभेवर वस्ती लागते, बुवा. रिकाम्या घराला कसर लागते ना, तसं झालंय. ताईंचं थोडं निळं तुमच्याकडे रुजलं तर जीभ वाचेल. नाहीतर उत्सवाच्या शेवटापर्यंत सगळा कागद होईल."

"मग त्या बशीतलंच लावा थोडं."

"बशीतलं रुजत नाही. त्यांच्या हातून, त्यांच्या घासातून यावं लागतं."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर जिभेचा विचार माझ्या मनात नव्हताच. कपाटातून पुन्हा राजा ऐकू आलं, आणि माझ्या तोंडात एक चव उतरली, जळलेल्या दुधाच्या भांड्यात पाणी ओतावं तशी.

"मत्सर जिभेच्या कुठल्या भागावर लागतो?" मी विचारलं.

"गोड टोकाला आणि कडू मागे, असं पूर्वी म्हणायचे. ते खरं नाही. सगळी जीभ सगळं चाखते," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता तेही असेल कुठेतरी. अजून सापडलेलं नाही."

घरी आलो तेव्हा द्वारका पाटावर बसून कोथिंबीर निवडत होती.

"तू कुणाचं उष्टं खातेस?" मी विचारलं.

"खाल्लं असेल कधी कुणाचं तरी," ती म्हणाली. "तुम्ही तर कुणाला हात लावू देत नाही ताटाला. पाय धुवून घ्या, वाढते."

"मी सरळ विचारतोय."

"मग मीही सरळच सांगतेय की."

ती निवडत राहिली. बोलताना तिची जीभ क्षणभर दिसली. निळी होती. मी जेवायला बसलो, नेहमीप्रमाणे एकटा, नेहमीच्या वेगळ्या ताटात. आमटीला कसलीच चव नव्हती. तिच्या अंगावर मात्र जेवून तृप्त झालेल्या माणसाचं तेज होतं, आणि ती अजून जेवली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी गावातल्या जिभा पाहू लागलो. पहिला संशय शेवड्यांवर होता. शेवडे माझ्या कीर्तनात पेटी वाजवतात, द्वारकेला वहिनी म्हणतात आणि तिच्या हातच्या साटोऱ्यांचं जरा जास्तच कौतुक करतात.

"जीभ काढा शेवडे," मी म्हणालो.

"आता काय कीर्तनात जीभ दाखवायची का बुवा?"

"काढा म्हणतो ना."

त्यांनी काढली. सुपारीनं तांबडी झालेली, मधोमध चीर, कडेला पांढरा डाग. निळं काही नव्हतं.

"बाईंना दाखवा तो डाग," मी म्हणालो.

"दाखवतो. पण तुम्हाला काय सापडायला हवं होतं? तोंड का उतरलं?"

मी तिथून निघालो. मग दूधवाला पाहिला, शिंपी पाहिला, पोस्टातले देशमाने पाहिले. एकदोन दिवसांत गावात बातमी पसरली आणि मला पाहिलं की लोक आपणहून थांबू लागले. हात जोडायच्या ऐवजी जीभ बाहेर काढून उभे राहायचे. मग एकमेकांनाही तसाच नमस्कार करू लागले. मी सगळ्या पाहिल्या. तांबड्या, पांढऱ्या, भेगाळलेल्या, पानानं रंगलेल्या. निळी एकही नव्हती, आणि प्रत्येक जिभेवर कुणी ना कुणी राहत होतं.

घरात निळं वाढत गेलं. आधी ते पळीच्या टोकाला दिसलं, मग वाटीच्या काठाला, मग पाण्याच्या हंड्यात. द्वारका त्या वस्तू घासून पालथ्या घालायची आणि त्या पालथ्या पालथ्या गुणगुणायच्या. माझं ताट, माझा तांब्या, माझा पाट तेवढा कोरडा राहिला. घरही बदलत होतं. पूर्वी मी पाटावर बसून हात लांब केला की देवघराच्या उंबऱ्याला बोटं लागायची. आता मधली वाट रोज थोडी लांबत होती आणि माझी बसायची जागा तेवढीच आखडत होती. शेवटी शेवटी मी गुडघे छातीशी घेऊन जेवायचो. द्वारका वाढायला यायची तर बराच वेळ नुसता बांगड्यांचा आवाज यायचा, मग ती दिसायची.

"दमत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"कशानं?"

"एवढं चालून."

"मला तर सगळं हाताशी आहे," ती म्हणाली. "तुम्हीच लांब बसता."

समारोपाचं कीर्तन सकाळी असतं. त्या दिवशी मी दर वर्षी शबरीचं आख्यान लावतो. शबरी एकेक बोर चाखून बघते, आंबट टाकते, गोड ते रामाला देते, आणि राम ती उष्टी बोरं खातो. तिथे मी रडतो. लोकही रडतात. माझी कितीही कीर्तनं पडली तरी ते एक पडत नाही.

पूर्वरंगातच, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणातच, शब्द माझ्या तोंडातून कपट्यांसारखे पडू लागले. मी भक्ती म्हणालो की एक पिवळा कपटा तरंगत खाली जायचा. मी नाम म्हणालो की आणखी एक. ऐकू कुणालाच काही येत नसावं, पण आमचे श्रोते फार भले आहेत. त्यांनी ते कपटे वेचले, बायकांनी पदरात घेतले, कुणी कपाळाला लावले. शेवडे पेटीवर सूर धरून राहिले. प्रत्येक शब्दागणिक जीभ थोडी कमी होत होती आणि शबरी अजून यायची होती.

पूर्वरंग संपला. आमच्याकडे त्या वेळी बुवाला हार घालतात, बुक्का लावतात आणि नामगजर चालू असताना सगळे पाया पडून जातात. बुवानं मान खाली घालून, डोळे मिटून उभं राहायचं असतं. इतकी वर्षं मी डोळे मिटत आलो. त्या दिवशी उघडे ठेवले. वाकलेल्या पाठींच्या पलीकडे पहिल्या रांगेतून द्वारका उठली, पदर सावरला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. तिच्या जाण्यात सवय होती.

मी गादीवरून उतरलो. हार गळ्यात होता. कीर्तन अर्धं टाकून बुवा गादीवरून उतरत नसतो, पण मला कुणी अडवलं नाही. लोक वाकलेलेच होते. माझी पावलं तिथे नव्हती तरी ते पाया पडत राहिले.

घराचं दार उघडं होतं. माझ्या पाटापासून देवघराकडे जाणारी वाट आता गुलाबी झाली होती, ओलसर, आणि भिंतींवर खरखरीत बारीक पुटकुळ्या आल्या होत्या. मी चालत राहिलो. पायाखालची जमीन मधेच जरा उचलली जायची आणि पुन्हा खाली बसायची. वाटेच्या शेवटी खिलारेबाई लाकडी पट्टी घेऊन उभ्या होत्या.

"चपला बाहेर काढल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही इथे कशा?"

"एक नमुना घ्यायचा राहिलाय."

देवघरावर पडदा ओढलेला होता. नैवेद्याच्या वेळी आम्ही पडदा ओढतो. देव जेवताना बघायचं नसतं. आतून द्वारकेचा आवाज आला, "आ कर बघू, आ कर माझ्या राजा." मी पडदा बाजूला केला.

देव्हाऱ्यात आमचा रांगता बाळकृष्ण आहे. पितळेचा, अंगठ्याएवढा, एका हातात लोण्याचा गोळा. द्वारकेनं तो लग्नात माहेरून आणला. म्हणजे तो माझ्या आधीचा. ती त्याच्यासमोर वाटी घेऊन बसली होती. दहीभाताचा छोटा घास तिनं उचलला, अर्धा स्वतःच्या तोंडात घातला, मीठ बघितलं, आणि उरलेला अर्धा पुढे केला. त्यानं तो खाल्ला. त्याची जीभ निळी होती.

"नैवेद्य चाखतेस?" मी विचारलं. तोंडातून तीनचार कपटे पडले. तिला मात्र ऐकू गेलं.

"हो."

"देवाच्या आधी?"

"तुम्हीच सांगता की. दर वर्षी सांगता आणि दर वर्षी रडता."

"ते आख्यान असतं द्वारके."

"मला काय माहीत. मी पुढे बसते आणि तुम्ही सांगता ते खरं धरते."

"मला का नाही दिलंस कधी?"

"तुम्हीच म्हणालात, माझं ताट वेगळं मांड. गादीवर उभं राहणाऱ्याला उष्टं चालत नाही म्हणालात." तिनं घासातला एक कोथिंबिरीचा देठ बाजूला काढला. "याचं तसं काही नव्हतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. मी जन्मभर त्याचे गुण गाऊन पोट भरलं. त्याच्यासाठी घसा बसवला, पावसापाण्यात गावोगाव हिंडलो. आणि तो इथे बसून जेवत होता.

"बाळा, आ कर," खिलारेबाई म्हणाल्या.

त्यानं तोंड उघडलं. बाईंनी पट्टी पुढे नेली आणि तिथेच थांबवली. आत राममंदिर होतं. खांब, समया, रांगोळी, सगळं. माझ्या हारातली एक शेवंती वाटेत गळली असावी, तीही दाराशी पडलेली होती. शेवडे पेटीवर वाकले होते. लोक पाया पडत होते आणि गादी रिकामी होती. नामगजर त्याच्या तोंडातून बाहेर येत होता, बारीक, पण अगदी स्पष्ट.

"जुळतंय," बाई हळूच म्हणाल्या.

"एकच घास उरलाय," द्वारका वाटीत बघत म्हणाली.

मी देव्हाऱ्याशेजारी बसलो. जागा फार नव्हती. त्याचा खांदा माझ्या गुडघ्याला लागत होता, पितळ गरम होतं. मी तोंड उघडलं तेव्हा उरलेल्या जिभेची एक कड फाटून हारावर पडली. आता टोक तेवढं राहिलं होतं. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दोघांनीही तोंड मिटलं नाही.

द्वारकेनं शेवटचा घास उचलला. अर्धा स्वतः खाल्ला. नैवेद्य दाखवताना डोळे मिटायचे असतात, तसे तिनं मिटले, आणि उरलेला अर्धा बोटांत धरून हात पुढे केला.

"आ कर माझ्या राजा," ती म्हणाली.

त्याच्या तोंडातल्या देवळात नामगजर थांबला आणि सगळ्यांनी माना वर करून गादीकडे पाहिलं.