सैल करायची राह्यलेली तात

मी वहाब पिंजारी. संग्रामपूरले गाद्या भरायचं दुकान आहे माझं. आता कापूस मशीनवर पिंजतो, पण अब्बा पिंजणावर पिंजत. पिंजण म्हणजे माणसाएवढी लाकडी कमान, तिले आतड्याची तात ओढून बांधलेली. ठोकळ्यानं तात छेडली की कापूस फुलून वर उडे. काम संपलं की तात सैल करायची, हा आमच्या घरचा पहिला धडा. ताणलेली ठेवली तर लाकूड फाटते.

चाळीस वर्षांमागं एक परदेशी बाई म्युझियमसाठी जुनी अवजारं जमवत आमच्याकडं आली. अब्बानं तिले पिंजण चालवून दाखवलं, बाई खूश झाली, आणि अब्बानं ते तसंच ताणलेलं तिच्या गाडीत ठेवलं. पाहुणीसमोर तात सैल करणं म्हणे बरं दिसत नव्हतं, बंद पडलेलं अवजार दिल्यासारखं वाटलं असतं. आता काय म्हणावं या माणसाले! मरताना अम्मीचा हात धरून बोलले, "वहाबची अम्मी, तात सैल करायची राह्यली." ना पोराची आठवण, ना वावराची. तेव्हापासून तो घोर अम्मीच्या जिवाले लागला.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातले नीळकंठ सर मोबाईल घेऊन आले. त्या म्युझियमनं सगळ्या वस्तूंचे फोटो इंटरनेटवर टाकले होते, आणि त्यायले माहिती पाहिजे होती. अब्बाचं नाव बरोबर होतं. खाली लिहिलं होतं, तंतुवाद्य. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांनी म्युझियममधल्या पोरीले व्हिडिओ कॉल लावला. अम्मीनं मोबाईल डोळ्याजवळ धरला.

"भेग पडून राह्यली," ती म्हणाली. "सर, तिले सांगा, आजच सैल कर. दोन पेच उलटे फिरव, बस."

पोरगी चांगली होती. सरांनी इंग्रजीत सांगतलं ते सारं तिनं लिहून घेतलं, तंतुवाद्य हा शब्द काढते म्हणाली. पण वस्तू जशी आली तशीच ठेवायचा नियम. हात लावायचा तर समितीपुढं अर्ज, आणि समिती आठ महिन्यांनी बसणार.

"काऊन हो सर, दोन पेच फिरवाले समिती?" मी सरांवरच खेकसलो. ते बिचारे मान खाली घालून अर्ज लिहू लागले. अम्मीनं अंगठा दिला.

मग ती रोज विचारे, "बसले का रे ते लोक?" मी म्हणे, बसतील. सात समुद्रापलीकडं माझा हात थोडाच पोचते? दुकानात गिऱ्हाइकांवर उगाच चिडत होतो.

काल सर पुन्हा आले. समिती पुढच्या महिन्यात बसणार होती, त्याआधीच कमान भेगेतून मोडली. आम्हाले फार वाईट वाटते, असं त्यायनं कळवलं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. सोबत फोटो होता. पेटीत दोन तुकडे, आणि तात खाली लोळत पडलेली.

अम्मी आतून बाहेर आली. मले खरं सांगवलं नाही.

"सैल झाली तात, अम्मी," मी म्हणालो. तेवढं तरी खोटं नव्हतं.

ती मटकन बसली आणि लहान लेकरावाणी रडली. पदरानं डोळे पुसले, शेजारच्या महेजबीनले हाक मारून बातमी सांगतली. मग म्हणाली, "दाखव बरं फोटो."

मी फोटो बोटानं मोठा केला, नुसती तात दिसल एवढाच. तिनं लय वेळ पाह्यला. तातीवर बोट ठेवून कडेपर्यंत नेलं आणि तिथंच थांबली.

"वहाब," ती म्हणाली, "कमान कुठं हाये रे?"