चौतीस चांदण्या

चांदण्यांची कल्पना बाईंचीच. त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, हीच तर गोची!

सहावीच्या वर्गात पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याला कुणी हात लावील तर शप्पथ. म्हणून बाईंनी वाचन मंडळ काढलं. शनिवारचा शेवटचा तास. पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि पुढच्या शनिवारी वर्गापुढे उभं राहून सांगायचं. सांगितलं की भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढे एक चांदणी. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, तेव्हाच म्हणाले होते, "वर्षअखेर काहीतरी दिसलं पाहिजे हं बाई. नाहीतर तो तास गणिताला."

दिसलं की! टकळीच्या नावापुढे चौतीस चांदण्या. टकळी हे तिला वर्गानं ठेवलेलं नाव. ती सांगायला लागली की घंटा झाली तरी पोरं दप्तरं उचलत नसत. दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचे दांडगोबासुद्धा नाक ओढत होते.

वर्षअखेरीच्या कार्यक्रमात टकळी सगळ्यांपुढे वाचून दाखवणार होती. आदल्या दिवशी बाई ते दीपगृहाचं पुस्तक कपाटात ठेवायला गेल्या. सहज चाळायला घेतलं, तर पानं उलटेनात. छापखान्यात कापायचीच राहिली होती. सगळी वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली. म्हणजे ते पुस्तक आजवर कुणी वाचलेलंच नव्हतं.

बाईंनी टकळीला बोलावलं. "हे वाचलंस तू?"

"वरचं चित्र बघितलं, बाई. बाकीचं सुचलं."

"अगं पण का?"

"अक्षरं जुळत नाहीत मला. एकेक ओळखते, पण पुढचं बघेपर्यंत मागचं निसटतं." मग बाईंचीच समजूत काढावी तशी ती म्हणाली, "तुम्ही कधी वाचायला लावलंच नाही ना. सांगायलाच लावलंत."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचवीपासून दोन वर्षं पोर त्यांच्याच वर्गात, पुढच्याच बाकावर बसत होती. परीक्षेत काठावर पास व्हायची, ते बाईंनी आळस म्हणून सोडून दिलं होतं. आणि चौतीस वेळा स्वतःच्या हातानं चांदणी चिकटवली होती.

त्या तशाच मोठ्या सरांकडे गेल्या. "सर, उद्या तिला वाचायला नको. नुसती गोष्ट सांगू दे."

"वाचनाच्या कार्यक्रमात वाचन नको? कमाल करता बाई! पत्रिका छापून झाल्या, 'चौतीस पुस्तकं वाचणारी विद्यार्थिनी'. पोरीच्या आईनं कामावर सुट्टी टाकलीय."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलावं, तर मंडळ बुडणार आणि पोरीची शाळाभर शोभा. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! बाई तोंड मिटून परत आल्या.

मग त्यांनी एका पुस्तकातलं एक पान टकळीला चार वेळा वाचून दाखवलं. पाचव्या वेळी तिनं ते घडाघडा म्हटलं. जन्मभर कॉपी पकडणाऱ्या बाई स्वतःच फसवणूक शिकवत होत्या, आणि दुसरं काही सुचतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठे सर भलतेच रंगात आले. व्यासपीठावर त्यांनी टकळीच्या हातातलं ते पुस्तक काढून घेतलं. "तयारी केलेलं काय, कुणीही वाचेल!" म्हणत एक कोरं करकरीत जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवलं. टकळीनं बाईंकडे बघितलं. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि परत बसल्या.

टकळीनं पुस्तक उघडलं. "एका बोटीवर एक मुलगी होती. तिला पोहता येत नव्हतं. पण बोटीवरचे सगळे म्हणायचे, बुडायची वेळ आली तर हीच आपल्याला वाचवील."

मध्येच बोट ओलं करून पान उलटायलाही पोर विसरली नाही. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढल्या वर्षी प्रत्येक वर्गात चांदण्या, असं मोठ्या सरांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

गर्दी पांगल्यावर टकळीची आई बाईंकडे आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, बाहीला अजून कालचे दोरे चिकटलेले. डोळे रडून लाल. छातीशी तेच जाडजूड पुस्तक. शेजारी टकळी उभी होती, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू हो!" आईनं चष्मा लावला. "ती बोटीवरच्या मुलीची गोष्ट कुठल्या पानावर आहे? मला परत वाचायचीय. मघापासून शोधतेय, सापडतच नाही."

बाईंनी पुस्तक घेतलं. "असेल इथेच," म्हणत एक पान उलटलं. मग दुसरं. मग आणखी एक. अक्षरं त्यांनाही दिसेनाशी झाली होती.

"सावकाश बघा बाई," आई म्हणाली. "आज मी पूर्ण दिवसाची सुट्टी काढलीय."