गॅसवर की तेलावर

गोमाजी मिस्त्रीला राग यायला कारण लागायचं नाही, आणि कारण मिळालं तर मग विचारूच नका. चाळीस वर्षं त्यानं तुमसरच्या एका राइस मिलमध्ये इंजिन सांभाळलं होतं. माणसाएवढ्या चाकाचं ते जुनं डिझेल इंजिन. दोन-दोन गडी हँडल मारून घामाघूम व्हायचे, तरी ते ढिम्म. मग गोमाजी शिव्यांची लाखोली वाहत पुढं यायचा, एक झटका द्यायचा, की धडधडत सुटायचं. तेव्हापासून त्याची पक्की समजूत होती, की इंजिन सुरू करणं जगात एकट्या आपल्यालाच कळतं. बाकीच्यांचा सगळा पोरखेळ.

आणि आता त्याच्याच घरात त्याच्या नातीनं, उर्वशीनं, दुधाच्या किटलीएवढं जेट इंजिन बनवलं होतं. मॉडेलच्या विमानांना लावतात तसलं. पॉलिटेक्निक करून घरी बसलेली पोर, तीन वर्षं त्याच्यामागं लागली होती. पुढं हवा आत दाबणारं ट्रकच्या टर्बोचं चाक, मधे डिझेल जळायची पोकळी, मागं त्या जाळाच्या जोरावर फिरणारं टर्बाइनचं चाक. ते मागचं चाक तेवढं तिनं बाहेरून मागवलं होतं आणि त्यासाठी सात महिने वाट पाहिली होती. बेअरिंग बसवायला, चाकांचा तोल साधायला आजोबाच होता. तिला शिव्या देत देत त्यानंच ते दहादा उघडलं आणि दहादा जोडलं. गावात कोणी "मिस्त्री, हे काय खेळणं?" म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जायचा.

भांडण जुंपलं ते सुरू करायच्या सामानावरून. उर्वशीनं यादी केली होती. चाक फिरवून द्यायला बॅटरीवरची छोटी मोटर. गॅस न लागता थेट डिझेलवर पेटणारा बर्नर. आणि आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचा नळकांडा.

"इंजिन सुरू कराले आनखीन एक मोटर?" गोमाजी कडाडला. "अन् त्या मोटरले सुरू कराले कोन येते, तुया बाप? मिलमधला कोंडा उडवाचा ब्लोअर पडून आहे ना! लाव त्याचं तोंड, फिरते चाक."

"फिरते आबाजी. पन पेटवाचं कायनं?"

"गॅसनं! घरचा छोटा सिलिंडर, भट्टीचा रेग्युलेटर, झालं. मंग डिझेल सोडाचं अन् गॅस बंद कराचा."

"गॅसनंबी होते, लोक करतात. पन थेट तेलावर, डिझेलवरच पेटलं तं भानगडच नाही. गॅस कमी पडला, पाइपात सिलिंडरच्या तळाचा पातळ गॅस उतरला, की भडका होते. चाक जळून जाते."

"मले शिकवून राहिली का? चाळीस वर्षं काय म्हशी हाकल्या मी?"

झालं. त्याच्यापुढं कोण बोलणार? मोटर गेली, बर्नर गेला. आगीसाठी त्यानं वाळूची बादली पुढं सरकवली. पण तिथं मात्र उर्वशी हटली नाही. वाळू इंजिनात गेली की इंजिन संपलं, आग विझवायच्या पांढऱ्या पावडरीचंही तेच, म्हणून कार्बन डायऑक्साइडच पाहिजे म्हणाली, आणि भंडाऱ्याला जाऊन नळकांडा घेऊनच आली. "घ्या, इंजिनापेक्षा याचाच थाट!" म्हणत गोमाजी आठ दिवस त्या नळकांड्याला टोमणे मारत राहिला.

आणि चीड येण्यासारखी गोष्ट म्हणजे इंजिन गॅसवर सुरू झालं. एकदा नाही, अकरा वेळा. प्रत्येक वेळी म्हातारा मिशीवर हात फिरवत नातीकडं बघायचा. ती काही बोलायची नाही. मग त्याला त्याचाही राग यायचा.

बाराव्या वेळी मात्र नागपूरहून रिता मॅडम येणार होत्या. छोटी जेट इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या इंजिनियर. उर्वशीनं पाठवलेले व्हिडिओ पाहून त्यांनी फोन केला होता. त्यांना तंत्रज्ञ हवा होता. दोन मिनिटं सलग चालवून दाखव, म्हणजे नोकरी तुझी, असं स्वच्छ बोलल्या होत्या. त्या दिवसापासून उर्वशीचं जेवणावर लक्ष नव्हतं. पोरगी इंजिनाला फडक्यानं इतकी पुसायची, की गोमाजी ओरडायचा, "घासून घासून भोक पाडशील!"

मॅडम ठरलेल्या वेळेच्या तासभर आधीच आल्या. सोबत ड्रायव्हर. मिलमागच्या धान वाळवायच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. मिलचा टेकचंद आला, चार हमाल आले. गोमाजीनं सुनेला, बेबीबाईला, हाक मारली.

"पाव्हने आले अन् चहाचा पत्ता नाही? पोहे टाक!"

"गॅस संपला मामाजी, कालच. नंबर लावला आहे."

"तं तो छोटा घे ना! तो काय पूजेले ठेवला आहे?"

बेबीबाईनं उर्वशीकडं पाहिलं. उर्वशी दूर, टेबलाशी वायर जोडत होती. बेबीबाईनं सिलिंडर उचलून नेला. दहा जणांचे पोहे झाले, दोनदा चहा झाला. मग सिलिंडर पुन्हा पटांगणात आला. पोत्यांच्या थप्पीआड, टेबलापासून लांब, तिथंच त्याची जागा होती आणि तिथंच गोमाजी उभा राहायचा. गॅसची चावी त्याची, ब्लोअर आणि डिझेल उर्वशीचं.

उर्वशीच्या हातातला ब्लोअर घुमला. चाकं फिरू लागली. उर्वशीनं हात वर केला. गोमाजीनं चावी सोडली. आत फुस्स करून ज्योत धरली, मीटरवरचे फेऱ्यांचे आकडे थोडे चढले आणि तिथंच अडकले. ज्योत मिणमिणायला लागली.

"थांबा आबाजी!" उर्वशी ओरडली. "गॅस कमी येऊन राहिला. बंद करा. टेकचंदकाकाच्या घरून भरलेला सिलिंडर आनू."

एवढंच करायचं होतं. दहा मिनिटांचं काम. पण मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. हमालांतला एक जण हसला, बहुतेक दुसऱ्याच कशाला तरी. गोमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांत त्याच्या हातून इंजिन सुरू झालं नाही असं कोणी पाहिलं होतं? आणि आज परक्या बाईसमोर, या हमालांसमोर, गोमाजी मिस्त्री सिलिंडर मागायला लोकांच्या दारात जाणार?

घरोघरी करतात तेच त्यानं केलं. भाकरी अर्धी झाली आणि गॅस संपत आला की कोणतीही बाई जे करते तेच. सिलिंडर आडवा केला, त्याचं बूड गुडघ्यावर घेऊन वर उचललं, तोंड खाली.

तळाला उरलेला गॅस वाफ न होता पातळच पाइपातून धावत गेला.

इंजिनाच्या मागून चार हात लांब जाळ निघाला. हमाल ओरडत पळाले. "बंद करा! चावी बंद करा!" उर्वशी किंचाळत होती, पण ब्लोअर तिनं सोडला नाही, कारण हवा थांबली असती तर जाळ आत शिरला असता. गोमाजीनं चावी आवळली, तरी पाइपात होतं तेवढं जळतच राहिलं. तेवढ्यात मॅडम पुढं झाल्या, त्यांनी ब्लोअर तिच्या हातातून घेतला. उर्वशीनं नळकांडा उचलला, पिन ओढली आणि इंजिनाच्या तोंडात पांढरा झोत सोडला. दहा-बारा सेकंदांत जाळ विझला.

मागून डोकावून पाहिलं तर टर्बाइनच्या चाकाची पाती मेणासारखी वाकली होती. सात महिने वाट पाहिलेलं चाक. उर्वशी तशीच उभी राहिली. मग तिनं नळकांडा भुईवर ठेवला.

गोमाजी मात्र कडाडला. असा सुटला की विचारता सोय नाही. "कोनी सांगतलं होतं पोहे कराले? घरात अक्कल नावाची चीज आहे का नाही? पाव्हने का उपाशी मरत होते? हा रेग्युलेटर भंगार, हा पाइप भंगार, तो दुकानदार चोर!" बेबीबाई खाली मान घालून ऐकत होती. ती एक शब्द बोलली असती तर सिलिंडर न्यायला कोणी सांगितलं ते सगळ्यांना कळलं असतं. ती बोलली नाही.

मॅडमनी वही काढली. "काय झालं नक्की? मला रिपोर्ट लिहावा लागेल."

उर्वशीनं आजोबाकडं एकदाच पाहिलं. सिलिंडर अजून आडवाच पडला होता.

"माझी चूक, मॅडम," ती म्हणाली. "सुरू करायच्या आधी मी गॅस तपासला नाही. सामानही मीच निवडलं होतं."

मॅडमचं पेन कागदावर चालायला लागलं. गोमाजी ते पेन बघत राहिला. त्याच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. मग त्याचा आवाज असा फुटला, की मिलमधली माणसं दारात आली.

"थांबवा तो पेन! अन् तू खोटं कायले बोलून राहिली? तुले मी खोटं बोलाले शिकवलं का?" मिलमध्ये गड्याची चूक सापडली की ज्या आवाजात तो बोलायचा, त्याच आवाजात बोलत होता. "लिहा मॅडम. हा गोमाजी. यानं पोरीची यादी फेकून देली. पोरगी म्हने तेलावर, हा म्हने गॅसवर. सुनेले यानंच म्हनलं, छोटा घे. पोरगी थांबा म्हनून ओरडून राहिली अन् या मूर्खानं सिलिंडर उलटा केला. चाळीस वर्षं इंजिन चालवलं म्हनते! अशा मानसाले इंजिनाजवळ उभं कराचं नसते, हाकलून देवाचं असते!"

शिवी द्यायला आता कोणी उरलं नव्हतं. गोमाजी मटकन पोत्यावर बसला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही त्याला भयंकर राग आला.

मॅडमनी लिहिलेली ओळ खोडली. उर्वशीला विचारलं, "नवीन चाक कधी येईल?"

"सात महिने लागतील."

"आमच्याकडं एक आहे तसलं. पाठवते. महिन्यानं परत येईन. तेलावर सुरू करून दाखव." नोकरीचं नाव त्यांनी काढलं नाही. गाडीत बसल्या आणि गेल्या.

हमाल पांगले. बेबीबाई कपबश्या गोळा करायला लागली. गोमाजी उठला आणि नेहमीच्या सवयीनं पाना घेऊन इंजिन उघडायला टेबलाकडं निघाला.

उर्वशी मधे आली. तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. मग भुईवरचा तो नळकांडा, ज्याला तो आठ दिवस टोमणे मारत होता, उचलून त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"हा उद्या भंडाऱ्याले नेऊन भरून आना," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे लाल झाले होते. "अन् पुढच्या टाइमाले हा धरून उभं राहाचं. बाकी कशाले हात लावाचा नाही. समजलं का, आबाजी?"

आयुष्यात गोमाजीला असं कोणी बोललं नव्हतं. त्यानं टेबलाकडं पाहिलं. टेबलावरची तिची जुनी यादी तेलानं माखली होती, तिच्यावर त्यानंच मारलेल्या दोन जाड रेघा होत्या.

"समजलं," तो म्हणाला, आणि रिकामा नळकांडा छातीशी धरून सायकलकडं गेला. उद्यापर्यंत तो थांबणार नव्हता.