पूजाची जन्मतारीख

माझ्यामुळे एका मुलीची बारावी राहिली. हे बोलले की लोक समजूत घालतात: मॅडम, तेव्हा इंटरनेट कुणाला कळत होतं? इतरांना नसेल कळत. मी ते शिकवत होते.

१९९९ सालची गोष्ट. श्रीरामपुरात बसस्टँडच्या मागे दोन खोल्यांत माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, त्यांतल्या एकालाच फोनची तार जोडलेली. शनिवारी नेट लावायचं आणि चौदा पोरांनी रांगेनं दहा-दहा मिनिटं बसायचं. एकाची दहा मिनिटं संपेपर्यंत मागचा घड्याळाकडे बघत उसासे टाकायचा.

त्या चौदांत पूजा सगळ्यांत चलाख. बारावी सायन्सला होती, रोज एसटीनं वाडीवरून पाऊण तास प्रवास करून कॉलेजला यायची. तिचे वडील ज्ञानेश्वर वाडीवर दूध संकलनाचं काम बघायचे. बारावीला साठ टक्के पडले तर नगरला कॉम्प्युटरच्या डिग्रीला ठेवतो, असा शब्द त्यांनी तिला दिला होता. त्या वाडीतून एकही मुलगी शिकायला नगरला गेली नव्हती. मला तर ती आत्ताच गेल्यासारखी वाटायची, इतकी माझी तिच्यावर भिस्त.

पहिल्या शनिवारी सगळ्यांचे ईमेल उघडले. त्या साइटनं एक फॉर्म पुढे केला. नाव, जन्मतारीख, गाव, शिक्षण, फोन, आवडी. आता फॉर्म म्हटलं की मी ताठ बसते. माझे वडील उत्तमराव मालधक्क्यावर हमाल होते, पण आमच्या विहाराजवळच्या अख्ख्या वस्तीचे अर्ज तेच भरायचे. रिकामा रकाना म्हणजे साहेबाला नाही म्हणायला आपण दिलेली जागा, असं म्हणायचे. माझ्या भावाची, संदीपची स्कॉलरशिप एका मोकळ्या रकान्यापायी गेली होती. तेव्हापासून आमच्या घरात कुणी कागदावर काही सोडलं नाही.

तेव्हा मी फळ्यावर इंग्रजीत नमुना लिहिला. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पत्ता, मुक्काम पोस्टासकट. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांनी शेजारचा नंबर द्या, पुढे पी.पी. लिहा. आवडींपाशी पोरं अडली, कारण तुमच्या आवडी काय, हे त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग तेही मीच लिहिलं: वाचन, गाणी, नवे मित्र जोडणे. चौदाच्या चौदा पोरांनी उतरवून घेतलं.

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ही माहिती सगळ्यांना दिसेल. मी ते वाचलं होतं. वाचलं नसतं तर आज निदान तेवढी पळवाट राहिली असती. मला वाटलं, दिसू दे की. आमच्या पोरांची नावं कधी जगाला दिसायची?

नोव्हेंबरच्या शेवटी पूजा दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी तिच्याच एसटीनं येणाऱ्या शुभांगीला मी हटकलं. ती म्हणाली, "मॅडम, तिचं कॉलेजच बंद केलंय. माघात लग्न आहे."

काय झालं ते शुभांगीकडून तुकड्यातुकड्यानं काढून घ्यावं लागलं. वाडीत फोन एकच, गहिनीनाथांच्या घरी. ते साखर कारखान्यात क्लार्क. दिवाळीपासून तिथे एका माणसाचा फोन यायला लागला होता, पूजाला बोलवा म्हणून. गहिनीनाथांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, पहिल्यांदा क्लासमधलं कुणी असेल म्हणून बोलावलं. पूजानं आवाज ऐकला आणि फोन ठेवून दिला. पुढे तिनं फोनवर येणंच सोडलं, तसा तो रंगुबाईंशीच बोलायला लागला. मग वीस नोव्हेंबरला त्यानं सांगितलं, आज पूजाला अठरावं पुरं झालं, माझ्याकडून तिला एवढं कळवा. रंगुबाईंनी ते पूजाला कळवलं नाही. विहिरीवर सगळ्या बायकांना कळवलं.

मी त्याच दुपारी नेट लावलं. साइटवर पूजाचं नाव टाकलं, तर अर्ध्या मिनिटात सगळं समोर. नाव, वडील, वाडी, जन्मतारीख, गहिनीनाथांचा नंबर. माझ्या फळ्यावरचं जसंच्या तसं. कुठल्याही गावच्या कुठल्याही माणसाला हे इतक्याच सहज दिसत होतं. पण त्याच क्षणी मनात आलं की हाच तर पुरावा आहे. पोरीनं त्याला काही सांगितलेलं नाही, हे सगळं आधीच उघड्यावर पडलेलं होतं, हे दाखवता येईल. मी ते पान छापून घेतलं आणि वाडीची एसटी धरली. शहाणपणाचा माझा मक्ताच होता ना.

ज्ञानेश्वर ओसरीत बसले होते. त्यांनी खुर्ची दिली, आत चहा सांगितला. पूजाची आई, बनुबाई, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी सगळं नीट समजावलं. चूक माझी आहे, फॉर्म मी भरायला लावला, तुमच्या मुलीचा त्या माणसाशी काही संबंध नाही. हा बघा कागद.

ज्ञानेश्वरांनी कागद हातात धरून उलटसुलट पाहिला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी गहिनीनाथांना हाक मारली, त्यांच्यामागून रंगुबाई आल्या, आणि शेजारचे दोघे-तिघे अंगणात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. ज्ञानेश्वर म्हणाले, "तुमी बसा मॅडम. आपल्या मान्सानं वाचल्यालं बरं."

गहिनीनाथांनी चष्मा लावला आणि कारखान्यातला हुकूम वाचावा तसं एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. शेवटची ओळ आवडींची होती. "नवे मित्र जोडणे," ते म्हणाले, आणि कागद खाली केला.

मी घाईनं म्हणाले, अहो, ते मी लिहिलेलं आहे, सगळ्यांचं तेच आहे, शुभांगीचं बघा. म्हणता म्हणता कळलं, मी दुसऱ्या पोरीलाही या अंगणात आणून उभं करतेय. मी जीभ आवरली. आवरायला उशीर झाला होता, रंगुबाईंनी शुभांगीचं नाव ऐकलं होतं.

बनुबाई दारातूनच बोलली. "मॅडम, मी तिची आई हाय. बैलपोळा होऊन लई दिस झाल्ते, थंडी पडली हुती, येवढंच मला ठावं हाय. तिची जल्मतारीख मला ठावी न्हाई. आन त्या परक्याला ठावी."

तारीख मीच दिली होती त्याला.

लोक पांगल्यावर ज्ञानेश्वर हळू आवाजात म्हणाले, "माझा इश्वास हाय मॅडम. पोरीवर बी हाय आन तुमच्यावर बी."

"मग भाऊ, परीक्षेपर्यंत तरी थांबा. तीनच महिने राहिलेत."

"कुनाकुनाला समजावू? नेट म्हंजी काय, हे मलाच अजून कळलं न्हाई. मिरजगावचं स्थळ हाय, त्यांच्या कानावर जायच्या आत उरकतो. न्हाईतर पुन्हा कोन दारात येतंय?"

मी खूप बोलले. कायदा काढावा तर तोही रस्ता बंद, अठरा वर्षं परवाच पुरी झालेली. शब्द दिला होता तुम्ही तिला, असंही म्हणाले. ते खाली बघून म्हणाले, "दिलता." एवढंच. ज्ञानेश्वरांचा मला राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना. त्यांचे डोळे भरले होते.

चहा पूजाच घेऊन आली. ती इतकी वाळली होती की मला बघवेना. ज्ञानेश्वर उठून गोठ्याकडे गेले, बहुधा मुद्दामच, आणि आम्ही दोघीच राहिलो.

"तो तुला ईमेल पण करायचा का?" मी विचारलं.

"ऑगस्टपासून. आधी चांगलं लिहायचा. पुण्याचा इंजिनिअर आहे म्हणायचा, अभ्यासाचं विचारायचा. मी दोन उत्तरं दिली. मग फोटो मागायला लागला. मी नाही म्हटलं, तर म्हणाला, तुझ्या घरचं सगळं माझ्याकडे आहे."

"ऑगस्टपासून," मी म्हणाले. माझा आवाज चढला. "अगं, दर शनिवारी मी तुझ्या खुर्चीच्या मागे उभी असायची. एकदा बोलली असतीस. त्याच दिवशी ते पान पुसून टाकलं असतं, फोनपर्यंत गोष्ट गेलीच नसती. का नाही सांगितलंस मला?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सांगायलाच थांबले होते एकदा, सगळे गेल्यावर," ती म्हणाली. "तुम्ही कुलूप लावत होता. मग वाटलं, मॅडमनी क्लासमधून काढलं तर? घरी कळवलं तर? तुम्ही काढलं असतं ना, मॅडम?"

नाही ग, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या ऑगस्टमधली मी मला चांगली ठाऊक होती. क्लासचं नाव, बाकीच्या मुलींचे आईबाप, लोक काय म्हणतील. आणि तिनं त्याला दोन उत्तरं लिहिली होती. मी आधी तिलाच फाडून खाल्लं असतं.

"काढलं असतं," मी म्हणाले.

पूजानं मान हलवली. बरोबर उत्तर आलं की हलवायची तशीच. मग तिनं माझी रिकामी कपबशी उचलली आणि म्हणाली, "पाचच्या एसटीला गर्दी असते मॅडम, लवकर निघा."