ऑटोवर

“खटका फिरवा,” मामी म्हणाली.

पाठीला नाड्या असलेला हिरवा झगा, पायात वॉर्डातल्या सपाता, मनगटावर चिकटपट्टी. अशा अवतारात ती जनरेटरच्या खोलीत येऊन उभी राहिली होती. वॉर्डातल्या लोकांनी आतापर्यंत पलंगाखाली बघायला सुरुवातही केली असेल. अकरा वाजता तिचं ऑपरेशन होतं आणि आता दहा वाजून गेले होते.

डिझेलमामाने बोळ्याने हात पुसले. “अगं, इथं कशाला आलीस? तेलावर घसरशील.”

“खटका ऑटोवर टाका. आणि वर येऊन माझ्या दाराबाहेर बसा. माणसासारखे.”

आता या डिझेलमामाचं कर्तृत्व सांगायला हवं. त्या हॉस्पिटलात तो तीस वर्षं जनरेटर चालवत होता. चार भिंतींपलीकडे जेवायला बसलेला असला आणि इंजिनाच्या एखाद्या नळीत चिमूटभर हवा शिरली, तर याचा घास तोंडातच थांबायचा. तीस वर्षांत रजा एकच, तीही अर्ध्या दिवसाची, पोरीच्या लग्नाची. आणि तिथेही नवरा-नवरी शपथ घेत होती तेव्हा वधूपिता चर्चच्या मागच्या कोपऱ्यात, आवाज वाढवायच्या मशीनच्या पेटीत डोकं घालून बसलेला होता. फोटोत त्याची फक्त पाठ आली आहे. पाठ मात्र छान आली आहे.

नऊ वर्षांपूर्वी नवं पॅनेल बसलं. लाइट गेली की इंजिन आपोआप सुरू व्हावं, म्हणून. मामाने पहिल्याच संध्याकाळी त्याचा खटका मॅन्युअलवर टाकला आणि चालू करायची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. ऑपरेशनच्या दिव्याला पाच मिनिटांची बॅटरी होती. बाकी सगळं हॉस्पिटल या दोरीला लटकलेलं.

“आज तर मी इथून हलणारच नाही,” तो म्हणाला. “आत तू असणार, आणि मी बाकावर हात चोळत बसू?”

मामीचा आवाज गळ्यातल्या गाठीने आधीच फाटला होता. तीस वर्षं चर्चमध्ये पहिली ओळ उचलणारा आवाज तो. गाठ काढताना आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तिने कागदावर सही केली आणि वर बघून एवढंच म्हटलं, तू बघ.

“रोज सकाळी तुम्ही काय म्हणता हो? प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती. आणि आमेन म्हणायच्या आत गळ्यात किल्ली!”

“ते वेगळं. हे डिझेलचं इंजिन आहे.”

“त्याला डिझेल कळत नाही?”

“कळत असेल. पण या इंजिनाच्या खोडी त्याला कुठे माहीत?”

मामी हसली, मग खोकली, मग बराच वेळ भिंत धरून उभी राहिली. “मी माझा गळा त्याला दिला,” ती म्हणाली. “तुमच्याच्यानं एक खटका देववत नाही. मला आत नेतील तेव्हा दाराबाहेर माझं माणूस दिसलं पाहिजे. इंजिनाचं नाही, माझं.”

सपाता फटफटवत ती निघून गेली. मामा पॅनेलसमोर उभा राहिला. खटका नऊ वर्षांत गंजला होता. पक्कड लावावी लागली.

बाहेर वायरमनबाई फ्यूज तपासत होती. पंचेचाळिशीची, तिखट बाई. मामाने गळ्यातली किल्ली काढून तिच्यापुढे धरली तशी ती दचकलीच. “मामा, बरं वाटत नाही का तुम्हाला? आणि ऑटोवर किल्ली लागत नाही.”

“माहितीये. ठेव तरी. माझ्या गळ्यात असली तर पाय इकडे वळतील.”

अकराला मामीला आत नेलं. ट्रॉलीवरून तिने मान वळवून बाकाकडे पाहिलं, मामा दिसल्याची खात्री केली आणि मगच डोळे मिटले. दार बंद झालं. मामाने वर पाहिलं. वर ट्यूबलाइट होती. तिच्याकडेच बघून तो पुटपुटला.

“घे. दिलं. भिऊन देत नाही, हे नीट ऐकून ठेव. तिने सांगितलं म्हणून देतोय. मी मधे हात घालणार नाही. पण मग तूही हात झटकायचे नाहीस.”

सव्वाबाराला ट्यूब विझली.

पंखे मंदावले. मोठी सिस्टर धावत आली आणि बाकाशी थबकली. “मामा! तुम्ही इथे काय करताय?”

“बसलोय.”

“अहो, लाइट गेलीय!”

“दिसतंय मला.”

बाकापासून इंजिनापर्यंत ब्याण्णव पावलं होती. त्याने ती कधीच मोजून ठेवली होती. मामा सेकंद मोजू लागला. तीनला त्याचा उजवा पाय उठला. चारला त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर आपला सगळा भार टाकला. पाच. सहा. “आता बघू तुझं,” तो दात ओठ खाऊन म्हणाला.

सातला खाली इंजिन खोकलं आणि पकडलं. ट्यूब लागली.

मामा स्वतः धावत जाऊन चालू करायचा तेव्हा चौदा सेकंद लागायचे. सगळ्यांना तो आठ सांगायचा. माणसाला अशा वेळी आनंद व्हावा. मामाचं तोंड आंबट झालं. नऊ वर्षं तो उगाच धावला होता, आणि हे वरच्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली, जिवाला धोका नाही. मग त्यांनी टोपी काढली. आवाजाची नस गाठीतच गुरफटलेली होती. ती वाचली नाही.

ब्याण्णव पावलं चालून मामा खाली आला आणि खटक्यावर हात ठेवला. वायरमनबाईला बातमी कळली होती. तिने किल्लीची दोरी पुढे केली. “घ्या मामा. तुमची तुम्हाला.”

खटक्यावर त्याची बोटं पांढरी पडली होती.

“राहू दे,” तो अखेर म्हणाला. “दिलं ते दिलं. ती तिचा गळा परत मागायला जाणार नाही, मग मी खटका कुठल्या तोंडाने मागू? भांडण आहे, ते त्याच्याशी आहे. वर गेल्यावर समोरासमोर करीन. चांगलं दोन दिवस.”

सहा आठवड्यांनी मामी चर्चला आली. गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत तिची जागा मोकळी ठेवली होती. ती तिकडे गेली नाही, मामाच्या शेजारी बसली. गीत सुरू व्हायला आणि मागच्या कोपऱ्यातलं मशीन शिट्टी मारायला एकच गाठ पडली. सगळ्या माना सवयीने मामाकडे वळल्या. मामा जागचा हलला नाही. शिट्टी कंटाळून आपोआप थांबली.

मामीने पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. तिचे ओठ हलत होते. बाहेर येत होता तो नुसता श्वास.

तेव्हा मामा उभा राहिला आणि गाऊ लागला. जन्मात गायला नव्हता तो. थंडीत पहिल्यांदा सुरू होणाऱ्या इंजिनाचा आवाज, सूर कुठला आणि ताल कुठला. पुढच्या बाकावरच्या आजींनी कानावर हात नेला. पाळकांनी चष्म्यावरून पाहिलं. मामाची नजर छताकडे होती; तिथल्या कुणाला तरी कमी ऐकू येतं, अशा बेताने तो ओरडून गात होता. मामीने त्याचं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने ताल द्यायला सुरुवात केली. चुकला की नख टोचायची.

गीत संपलं. सगळे बसले. मामा एक ओळ मागे राहिला होता. तो तसाच उभा राहिला, एकट्याने शेवटची ओळ पुरी केली, आणि मग बसला.