वर गाणं टाकू

पिरंगुटात खतबियाणांच्या दुकानावर एक अरुंद जिना जायचा. जिन्याच्या तोंडाशी 'अमोघ क्रिएटिव्ह व्हिजन' अशी पाटी आणि तिच्याखाली 'लघुपट, माहितीपट, कलात्मक चित्रपट'. लग्नं, बारशी, दशक्रिया आणि पाण्याच्या टाक्यांची उद्घाटनं यांचा पाटीवर उल्लेख नव्हता, पण पोट त्यांच्यावरच चालायचं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

मालक अमोघ मूळचा मिरजेचा. कॉलेजात दोन एकांकिका बसवल्या, पुण्यात येऊन चार परदेशी सिनेमे पाहिले, आणि त्याचं जे डोकं फिरलं ते फिरलंच. 'मातीतलं काहीतरी करायचंय' म्हणून तो मुळशीत आला. तोवर इथली माती गुंठ्यागुंठ्यानं विकली जाऊ लागली होती, हे त्याच्या गावी नव्हतं.

त्याच्याकडे एक पटकथा होती, 'मुक्या मातीची हाक'. त्यात सासरी आवाज दाबला गेलेली खेड्यातली एक बाई दोन तास एक अक्षर बोलत नाही आणि शेवटी नेसत्या लुगड्यानिशी उंबरा ओलांडून चालू लागते. हा शेवटचा शॉट अमोघ भेटेल त्याला समजावून सांगायचा. खालच्या चहावाल्यालाही तो तोंडपाठ होता. पण पैसे घालायला कुणी तयार होईना. "बाई बोलत का नाही?" असं निर्माते विचारायचे आणि अमोघ त्यांची कीव करायचा.

कॅमेरा आणि एडिटिंग सांभाळायला मनीष होता. त्याला कलेशी देणंघेणं नव्हतं. कसलीही भानगड झाली की तो मान न वळवता म्हणायचा, "टेन्शन नाय, वर गाणं टाकू." उरवड्याच्या कारखान्याची सुरक्षेची फिल्म करताना कुशाबा नावाचा कामगार हेल्मेट घालता घालता मुकादमाला शिव्या देत होता. वर बासरी टाकली. नदीकाठच्या एका दशक्रियेत दोन सख्खे भाऊ पिंडासमोरच जमिनीवरून भांडले. वर अभंग टाकला. बघणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या, किती तो शोक! अमोघ आधी नाक मुरडायचा, मग त्यालाही सवय झाली.

दोन हजार सहा साली कासार आंबोलीचे कोंडाजी जिना चढून वर आले. डोंगराकडची जमीन बंगलेवाल्यांना देऊन मोकळा झालेला माणूस, गळ्यात बोटभर जाड साखळी. अमोघचं ऑफिस होतं ती इमारतही त्यांचीच. त्यांच्या थोरल्याचं, अमोलचं लग्न ठरलं होतं.

"अमोघराव, क्यासेट अशी झाली पायजे, का तालुक्यानं त्वांडात बोट घातलं पायजे," कोंडाजी म्हणाले. "ती झ्याक झाली, का तुमच्या पिच्चरचा समदा खर्च माजा. बाई बोलू द्या न्हाईतर नका बोलू, आपल्याला काय! पर एक ध्यानात ठिवा. आमदारसायेब येनार हायेत. त्यांचं एक पाऊल सुटता कामा नये."

अमोघला आकाश ठेंगणं झालं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो सिनेमा आता या एका लग्नावर टांगला होता.

लग्नाच्या दिवशी त्याने स्वतःही कॅमेरा घेतला. आजी, माजी आणि भावी असे तीन प्रकारचे सरपंच, पतपेढीचे संचालक, दूध डेअरीचे संचालक, एकेकाला फेटा, शाल, नारळ. माईकवाल्याचा घसा बसला. नवरानवरी ताटकळली होती आणि भटजी घड्याळ दाखवून थकले. शेवटी मुहूर्त टळायला आला तेव्हा त्यांनी कुणाला न विचारता अंतरपाट धरायला लावला आणि मंगलाष्टका सुरू केल्या. शेवटची मंगलाष्टका चालू असतानाच फाटकाशी हॉर्न वाजले.

"सायेब आले!" कोंडाजी ओरडले.

मनीष कॅमेरा घेऊन पळाला. त्याच्या मागोमाग अमोघही पळाला, कारण त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त सुटता कामा नये असं ते पाऊल होतं. पाठीमागे अक्षता पडल्या, बँड वाजला, माळा घातल्या गेल्या. पुढे साहेब गाडीतून उतरले, चपला नीट केल्या, कुणाचा तरी गाल कुरवाळला. हे सगळं दोन बाजूंनी, दोन कॅमेऱ्यांत, सुबक चित्रित झालं.

दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसल्यावर अमोघच्या अंगाला दरदरून घाम फुटला. लग्नाच्या क्यासेटीत लग्नच नव्हतं! मनीष पडद्याकडे बघून म्हणाला, "आता याच्यावर कुठलं गाणं टाकू?"

कोंडाजींनी आधी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग शांत झाले. माणूस व्यवहारी. "पुन्यांदा लावू," म्हणाले. त्यांच्या कारभारणीने, रत्नाबाईंनी, कानाला हात लावले. लग्न काय दोनदा लागतं व्हय? अपशकुन! "अगं, खरं कुटं लावतोय? निस्तं नाटक. भटजी न्हाई, मंतर न्हाई," कोंडाजी म्हणाले. येत्या रविवारी भावकीतल्या पन्नासेक माणसांना त्याच कपड्यांत जेवायला बोलावणं गेलं.

नवरी पिंकी घोटवड्याची. बी. कॉम. झालेली, हिंजवडीच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात कामाला. सकाळी नऊला कंपनीची सुमो दारातून न्यायची. नोकरी चालू राहील, असं लग्नाच्या बैठकीत कोंडाजींनीच पान खात कबूल केलं होतं. पण हळद उतरायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "आता चाकरी बास. कोंडाजीची सून लोकाच्या गाडीतनं कामाला गेली तर हा जमीनजुमला काय चाटायला ठिवलाय?" अमोलने वडिलांकडे, आबांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग चपला घालून तालमीकडे गेला. पिंकी भेट आलेल्या अकरा कुकरांमध्ये बसून राहिली.

रविवारी मांडव पुन्हा सजला. अंतरपाटाची एक बाजू शेजारच्या जनार्दननं धरली, दुसरी एका चुलत्यानं. अमोघ आज भलताच रंगात होता. "वहिनी, दादा, चेहरे मोकळे ठेवा. एकमेकांशी काहीही बोलत राहा, ओठ हलले की जिवंतपणा येतो. आवाजाची चिंता नको, वर गाणं टाकणार आहे."

अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या. अमोलने माळ घातली. पिंकीने माळ उचलली आणि हात तिथंच थांबवले.

"काहीबी बोलू?" तिने विचारलं.

"काहीही!" अमोघ कॅमेऱ्यामागून म्हणाला.

पिंकी सासऱ्याकडे वळली. "मामंजी, बैठकीत नोकरीचं कबूल केलंया तुमी. रजा आज संपतीय. उद्या गाडी माघारी धाडनार न्हाई म्हना. मंग घालते माळ."

कोंडाजी हसल्यासारखं करून म्हणाले, "पोरी, हे नाटक हाय गं."

"नाटक आसंल. पर माळ माज्या हातात हाय."

पन्नास माणसं टकामका बघायला लागली. सूर्य उतरत होता आणि अमोघ घायकुतीला आला. त्याच्या सिनेमाचा सगळा खर्च त्या दोन हातांमध्ये लोंबकळत होता. "आबा, उजेड चाललाय, हो म्हणून टाका!" तो कळवळून ओरडला.

"व्हय, व्हय! जाशील सोमवारपास्नं! गाडी न्हाई माघारी धाडत! समद्यांम्होरं सांगतो. घाल आता!" कोंडाजी दात खाऊन म्हणाले.

माळ पडली. मनीषच्या कॅमेऱ्यात तो शॉट असा काही आला, की अमोघच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मग मनीषने रातोरात वर गाणं टाकलं, सनईचं. सीडीत पिंकीचे ओठ हलतात, कोंडाजी हात उंचावून काहीतरी म्हणतात, ती हसते आणि माळ घालते. ज्या भावकीने ते कानांनी ऐकलं होतं, तीच भावकी सोमवारी रात्री टीव्हीसमोर बसून म्हणाली, सासरा कसा भरभरून आशीर्वाद देतोय बघा! कोंडाजींना क्यासेट इतकी पसंत पडली, की त्यांनी शुक्रवारी आपल्याच अंगणात 'मुक्या मातीची हाक'चा मुहूर्त ठरवला आणि साहेबांना नारळ फोडायला बोलावलं.

पण त्याआधी सोमवारची सकाळ उजाडली होती. सुमो आली आणि कोंडाजींनी ती फाटकातूनच परत पाठवली. "नाटकातलं वचन कुनी पाळतं का?" एवढंच म्हणाले. पिंकीने भावकीत एकेकाला विचारलं. लीलाबाई काकूंना त्या दिवशी नेमकं ऐकू आलं नव्हतं. जनार्दनला आठवत नव्हतं. कोंडाजींच्या घरची पंगत जेवलेला माणूस कोंडाजींविरुद्ध तोंड कसं उघडणार!

मंगळवारी पिंकी स्कूटीवरून पिरंगुटला आली, जिना चढली. अमोघ मुहूर्ताच्या शॉटची चित्रं काढत बसला होता.

"दादा, त्या दिवशीची मूळ टेप हाय ना? आवाजासकट?" ती म्हणाली. "बुधवारी माजे वडील आन् बैठकीतली मान्सं घरी येनार हायेत. त्यांना निस्तं ऐकवायचंय. मंग परत आनून देते."

टेप हाताशी होती, खालच्या खणात. अमोघला खण दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे कोंडाजींचा चेहराही दिसत होता. टेप दिली की सिनेमा गेला. उरलेलं सगळं आयुष्य टाक्यांची उद्घाटनं.

"टेप पुसली गेली, वहिनी," तो म्हणाला. "आम्ही टेपा परत वापरतो. आणि खरं सांगू? तुमच्यासारख्या स्त्रियांची व्यथा मला कळते. माझा हा सिनेमा त्याच विषयावर आहे."

पिंकीने भिंतीवरचं पोस्टर पाहिलं. तोंडावर हात दाबलेली एक बाई होती. "हिला का बोलू देत न्हाई?" तिने विचारलं.

"ते प्रतीक आहे. तिचं मौनच बोलतं."

"बरं," पिंकी म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

मनीषने खणातली टेप काढून टेबलावर ठेवली. अमोघला लाज वाटली, नाही असं नाही. अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली. पण लाजेवर सिनेमा निघत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बोललेलं खोटं निदान खरं तरी व्हावं, म्हणून त्याने सांगितलं, "शुक्रवारी मुहूर्ताला हीच टेप लाव."

बुधवारी पिंकीचे वडील आले, कोंडाजींनी त्यांना एका बंगल्याच्या प्लॉटचं गाजर दाखवलं, जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

शुक्रवारी सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांची वाट बघणं चालू होतं. तेवढ्यात कोंडाजींना कल्पना सुचली. "पयला शाट आमच्या सूनबाईचाच घ्या की! न्हाईतर ती पुन्याची नटी यायला दुपार करनार."

अमोघ हरखला. पिंकी पैठणी नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभी होती. त्याने तिला उंबऱ्याच्या आत उभं केलं, मागे अंधार, चेहऱ्यावर कोवळं ऊन. दहा वर्षं डोळ्यांपुढे असलेली चौकट हुबेहूब समोर आली. "वहिनी, बोलायचं काहीच नाही. फक्त उंबरा ओलांडायचा आणि चालत राहायचं. मनीष, रोल!"

पिंकीने थेट कॅमेऱ्यात पाहिलं. "दादा, आज तरी आवाज घेताय का?"

"अहो, कशाला? वर गाणं टाकू," अमोघच्या तोंडून सवयीने निघून गेलं. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं आणि त्याने मान खाली घातली.

पिंकीने ताट खाली ठेवलं. तिने उंबरा ओलांडला.

नेमके तेव्हाच फाटकाशी हॉर्न वाजले. "सायेब आले!" कोंडाजी हार घेऊन धावले, भावकी धावली, माईकवाला धावला. मनीषचा कॅमेरा आपसूक तिकडे वळला, आणि अमोघ, डोक्यात काहीही न येता, "पाय घे, पाय!" असं ओरडत त्याच्यामागून पळाला. साहेब उतरले, चपला नीट केल्या.

सत्कार आटोपून साहेबांनी विचारलं, "नायिका कुठाय?"

उंबऱ्यात फक्त आरतीचं ताट होतं. निरांजन अजून जळत होतं. सगळ्यांना ओवाळायला थांबवलेली धोंडाबाई, घरची जुनी मोलकरीण, तेवढी जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "गेली की कामाला. पिवळ्या पैठनीत. समद्यांच्या म्होरनं चालत ग्येली. रस्त्यानं जानाऱ्या सुमोला हात बी आपल्या अमोलनंच केला, आन् पर्स बी त्यानंच दिली."

कोंडाजींचा चेहरा काळानिळा झाला. साहेबांसमोर ओरडताही येईना. ते अमोघच्या अंगावर धावून आले. "ही समदी तुज्या क्यामेऱ्याची करनी! दाव मला, कशी ग्येली! पोरगा कुटं हुता, काय बोलली, दाव!"

मनीषने टेप मागे नेली आणि छोट्या पडद्यावर लावली. अमोघ सगळ्यांच्या पुढे घुसला. कोंडाजींपेक्षा त्यालाच ते बघायचं होतं. पडद्यावर पिंकी उंबऱ्याशी उभी राहिली, तिने विचारलं, 'दादा, आज तरी आवाज घेताय का?' आवाज स्पष्ट आला होता. तिने ताट ठेवलं, पाऊल उचललं, आणि चित्र गर्रकन फिरून फाटकाकडे गेलं.

पुढे साहेबांचे पाय होते. एकही पाऊल सुटलं नव्हतं.