पोटात तुटतं

दुभाषीबाई सात वर्षांची असताना आईचं बोट धरून या देशात आली. आई होती तोवर घरात आईची भाषा होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली. नवरा दुसऱ्याच भाषेतला, आणि लेकीला कळायचं सगळं, पण उत्तर द्यायची ती इथल्या बोलीत. म्हणून इस्पितळात आठवड्यातून तीन दिवस दुभाष्याचं काम निघालं, तेव्हा तिने ते घेतलं. निदान तीन दिवस तरी जिभेवरचा गंज निघेल. बहीण म्हणाली, "लोकांची दुखणी ऐकायला जातेस, डोकं ठिकाणावर आहे ना?" पण दुखण्याचं का होईना, बोलणं तर कानावर पडत होतं.

कामाचा नियम एकच. समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. नियमाला ती पक्की होती.

त्या मंगळवारी सात नंबरच्या खोलीत एक मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, ताठ बसणाऱ्या, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. उजव्या हाताचं पहिलं बोट सुईने टोचून टोचून खरबरीत झालेलं. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं, आणि सहा महिन्यांत त्यांचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. मुलगा शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून मोबाइल चाळत होता.

डॉक्टर तरुण होता, तोही बाहेरून आलेला. इथली भाषा तो अडखळत, पण फार काळजीपूर्वक बोलायचा. त्याने विचारलं, "काय त्रास होतो?"

"पोटात तुटतं गं," मावशी डॉक्टरकडे न बघता दुभाषीबाईलाच म्हणाल्या.

दुभाषीबाईने सांगितलं, पोटात काहीतरी तुटल्यासारखं दुखतं.

"जेवणाआधी, की नंतर?"

"जेवणाचं काय घेऊन बसलाय? घास घशाखाली उतरत नाही."

दुभाषीबाईने सांगितलं, गिळायला त्रास होतो. डॉक्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. वजन उतरलेलं, गिळता येत नाही, वय हे असं. तो भराभर लिहायला लागला.

"आणि संध्याकाळ झाली की जीव नुसता खाली-वर होतो," मावशी म्हणाल्या.

म्हणजे धाप लागते. तेही लिहिलं गेलं. मुलाने एकदा डोळे वर केले, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

मग सुरू झाला तपासण्यांचा फेरा. रक्त, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी, पोटाची सोनोग्राफी. सगळं स्वच्छ. शेवटी घशातून दुर्बीण घालून पोट आतून बघायचं ठरलं. दर वेळी दुभाषीबाई सोबत. श्वास घ्या, सोडा, कुशीवर वळा. मावशी तिच्या प्रत्येक शब्दावर मान डोलवायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "'वळा' म्हण, 'वाळा' नव्हे. वाळलेली तर मी आहेच." दुभाषीबाईला हसू यायचं. तिचं बोलणं सुधारणारं माणूस नऊ वर्षांनी भेटलं होतं. मंगळवारची ती वाट बघायला लागली, आणि एका आजारी बाईच्या तपासण्या संपू नयेत असं आपल्याला वाटतं, याची तिला लाजही वाटली.

दुर्बिणीच्या दिवशी मावशींना गुंगीचं औषध दिलं होतं. काम उरकल्यावर त्यांना पडद्याआडच्या खाटेवर आणून झोपवलं. मुलगा औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होता. दुभाषीबाई उशाशी बसली होती, तेवढ्यात मावशींनी डोळे अर्धवट उघडले आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

"चिमणे, भांग कुणी पाडला गं तुझा? वाकडा पाडलाय."

"मावशी, मी दुभाषी. चिमणी कोण?"

मावशी हळूहळू शुद्धीवर येत बोलल्या. चिमणी त्यांची धाकटी लेक. बेचाळीस वर्षांची, पण अक्कल पाच वर्षांच्या पोरीची. तिला एकटीला भांग पाडता येत नाही, बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत. आईच्या मशीनपाशी बसून दिवसभर बटणं रंगांप्रमाणे लावायची. तिला एका संस्थेत ठेवून मुलाने आईला इकडे आणलं होतं.

"निघताना मी तिला सांगितलं, दोरा आणायला चाललेय. खोटं बोलले मी लेकराशी. म्हणून तर सांगतेय ना, पोटात तुटतं. त्या डॉक्टरला कितीदा सांगितलं, आणि त्याने माझ्या नरड्यात नळी घातली."

दुभाषीबाईला आपली आई आठवली.

या देशातलं दुसरं वर्ष असेल. आई फोनवर आजीशी बोलताना हेच म्हणाली होती, तुझ्यासाठी पोटात तुटतं गं. आणि तिने, आठ वर्षांच्या पोरीने, धावत जाऊन गरम पाण्याची पिशवी आणली होती. आईने ती घेतली, पोटावर धरली आणि मुकाट्याने पडून राहिली. पोरीला तिने अर्थ सांगितला नाही. पोरीनेही परत कधी विचारला नाही. आई पुढे तीस वर्षं इथे राहिली. तेवढी वर्षं तिचं काय काय तुटत असेल, हे दुभाषीबाईला आज त्या खाटेपाशी कळलं, आणि सांगायला आई नव्हती.

ती उठली आणि थेट डॉक्टरच्या खोलीत गेली. "माझ्याकडून चूक झाली," ती म्हणाली. "शब्द बरोबर सांगितले, पण दुखणं चुकीचं सांगितलं."

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं तिला वाटलं होतं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आमच्याकडे हे यकृतात होतं. माझी आई दर फोनवर म्हणते, तुझ्यामुळे माझं यकृत जळतं. मला तरी विचारायला सुचायला हवं होतं."

त्याने त्याच दुपारी मायलेकरांना समोर बसवलं. पोट ठणठणीत आहे हे सांगितलं, आणि चिमणीबद्दल विचारलं.

मुलाचा चेहरा उतरला. दुभाषीबाईची गरज नव्हती तरी तो तिच्याकडे वळून आईच्या भाषेतच बोलला. "मी तिचे कागद दोनदा पाठवले. दोन्हीदा परत आले. अशा माणसाला इथे येऊ देत नाहीत. आईला सांगितलं नाही, उगाच आशेला लागेल म्हणून."

"पोटच्या पोराने एवढं झाकून ठेवावं?" मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला परत पाठव."

"तिकडे एकटी काय करशील?"

"एकटी कुठे? दोघी की."

मुलाने हातांत तोंड लपवलं. मावशींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्यासाठीही त्यांचं तुटत होतंच. इकडे राहिलं तर लेकीसाठी, तिकडे गेलं तर लेकासाठी. दुभाषीबाईने यातलं डॉक्टरला किती सांगायचं याचा विचार केला, आणि या वेळी सगळं सांगितलं, पदरचंही.

दोन महिन्यांनी मावशी चिमणीकडे परत गेल्या. त्या निघाल्या तेव्हा दुभाषीबाईने आपला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. फोन येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण महिन्याभराने एका दुपारी आला.

"चार किलो भरले," मावशी म्हणाल्या. "थांब, हिला देते."

पलीकडून श्वास ऐकू येत होता, फोनच्या अगदी जवळ, आणि मागे शिवणयंत्राची घरघर. मग चिमणी एकच वाक्य म्हणाली, "आई दोरा घेऊन आली," आणि फोन खाली ठेवून गेली. मावशी पुन्हा बोलायला आल्या. इस्पितळ कसं आहे, तो डॉक्टर बरा आहे ना, सगळं विचारून झालं, आणि त्या म्हणाल्या, "ठेवू का गं?"

"थांबा ना मावशी," दुभाषीबाई म्हणाली. पुढे विचारायला काही सुचेना, तेव्हा तिने बाहीचं माप कसं घेतात ते विचारलं. मावशी सांगू लागल्या, खांद्यापासून धरायचं, कोपर जरा वाकवून ठेवायचं. दुभाषीबाईला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. भिंतीला टेकून, डोळे मिटून ती ऐकत राहिली.